केळं नाही, लवंग नाही

मुर्नाउला आम्ही गेलो ते गाब्रिएले म्युंटरचं घर बघायला. म्युनिकहून गार्मिशकडे जाणारी गाडी तासाभरात तिथे पोचवते. समोर आल्प्सची रांग, जवळच श्टाफेलझे नावाचं तळं आणि मधोमध पिवळ्या, गुलाबी, हिरवट घरांचा उतरता बाजाररस्ता. म्युंटर या चित्रकर्तीनं 1909 मध्ये इथे घर घेतलं. 1914 पर्यंत रशियन चित्रकार कांडिन्स्कीही तिच्याबरोबर इथे राहत असे, म्हणून गावकरी या घराला रशियनांचं घर म्हणायचे. आता तिथे संग्रहालय आहे आणि ते उघडतं दुपारी दोनला. आम्ही अकराच्या आतच गावात हजर.

"दोनपर्यंत काय करायचं?" मी विचारलं.

"मामा, उगाच विचारतोयस. खालच्या बाजारात कार्ग आहे," भाची म्हणाली.

कार्ग ही तिथली छोटी, 1912 पासूनची ब्रुअरी. गव्हाच्या बिअरसाठीच तिचं नाव. जर्मनीत साधारण दीड हजार ब्रुअऱ्या आहेत. त्यातल्या कितीतरी अशाच, तालुक्याच्या गावातल्या, ज्यांची बाटली पुढच्या जिल्ह्यात शोधून सापडत नाही. भाचीला हे सगळं तोंडपाठ असण्याचं कारण तिचं शिक्षण. फ्रायझिंगला वायहेनश्टेफानच्या टेकडीवर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात ती अन्नतंत्रज्ञान शिकली. त्याच टेकडीवर 1040 पासूनचा वारसा सांगणारी ब्रुअरी आहे आणि जगभरच्या बिअरवाल्यांना यीस्ट पुरवणारी प्रयोगशाळाही. शिकायला गेली होती दूध-दह्याचं, रमली यीस्टमध्ये.

मी तसा या विषयात अगदीच कोरा नव्हतो. माझी सगळी नोकरी पिंपरीला औषधाच्या कारखान्यात, फर्मेंटेशन विभागात झाली. बुरशी वाढवायची, तिच्याकडून औषध काढून घ्यायचं. स्टीलच्या बंद टाक्या, गाळून आत सोडलेली हवा, वाफेनं निर्जंतुक केलेले पाइप. बाहेरचा एक जंतू आत शिरला की बॅच गेली आणि मग रात्रपाळीच्या सुपरवायझरची सकाळ साहेबाच्या केबिनमध्ये. बिअरचं म्हणाल तर आमची पिढी परमिट रूमवाली. अंधाऱ्या खोलीत खारे दाणे नाहीतर उकडलेल्या अंड्याचा चकणा घ्यायचा, बाटली बर्फासारखी गार मागायची आणि चव लागायच्या आत संपवायची. तिथे दारूला चव असते असं कोणी म्हणालं असतं तर त्याला जास्त झाली असंच आम्ही समजलो असतो.

कार्गच्या बैठकीत शिरलो तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो उजेड. लाकडी बाकं, लांब टेबलं, आणि एका टेबलाशी आजी नातीला चित्र रंगवायला देऊन स्वतः पेपर वाचत होती. तिच्यापुढे अर्धा लिटरचा उंच ग्लास. वेळ सकाळी अकराची. महाराष्ट्रात कायद्यानं बिअर प्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात, शिवाय परवाना हवा. तो एक दिवसाचा पाच रुपयांचा कागद बिलाबरोबर फाडला जायचा, आणि त्यावर आपलं नाव लिहिलेलं मी क्वचितच बघितलं. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर विकत घेता येते. त्यामुळे कुठलं बरं, यावर मी आणि भाचीनं आधीच भांडून घेतलं होतं. सोळा मला आजही कमीच वाटतात. पण आजी आणि नात जिथे बसू शकतात तिथे माणसं आवाज खाली ठेवून पितात, एवढं मात्र डोळ्यांनी बघितलं.

जागा रिकामी नव्हती. तिकडे अनोळखी माणसाच्या टेबलाशी विचारून बसायची पद्धत आहे. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा एकटेच होते. त्यांनी टोपी बाकावरून उचलून मांडीवर घेतली, म्हणजे आम्हाला परवानगी मिळाली.

खायचं काय, हा प्रश्न होता. बव्हेरियात गव्हाच्या बिअरबरोबर पांढरं सॉसेज खायचं, तेही दुपारचे बारा वाजायच्या आत, हा जवळजवळ धर्म आहे. फ्रीज नव्हते तेव्हा सकाळी केलेलं हे ताजं सॉसेज दुपारपर्यंत टिकत नसे. फ्रीज आले, नियम राहिला. गरम पाण्याच्या भांड्यात ते जोडीनं येतं, वरचं साल काढून आतलं खायचं, सोबत गोड मोहरी. आत वासराचं मांस असतं, आणि ते मी खात नाही. माझ्यासाठी ओबाट्झ्डा मागवलं. पिकलेलं कॅमेम्बर चीज, लोणी, कांदा आणि लाल पॅप्रिका कालवून केलेलं असतं ते. बरोबर मिठाचे खडे लावलेली भलीमोठी ब्रेत्झेल. भाचीनं स्वतःसाठी सॉसेज सांगितलं आणि मराठीत म्हणाली, "आईला सांगू नकोस." बहिणीला मी आजवर काहीच सांगितलेलं नाही. हे वाचून कळलं तर तो माझा दोष नाही.

बिअर बाटलीतून आली. वाढणाऱ्या बाईंनी ग्लास आधी गार पाण्यानं विसळला, मग जवळजवळ आडवा धरून त्यात इतक्या सावकाश ओतायला सुरुवात केली की मला वाटलं, यांना दुसरी गिऱ्हाइकं नाहीत. या बिअरमध्ये वायू भरपूर असतो. घाई केली की ग्लासभर फेसच होतो. तळाशी दोन बोटं उरली तेव्हा त्या थांबल्या, बाटली गोल गोल फिरवली आणि उरलेला गढूळ भाग फेसावर सोडला. तो गाळ म्हणजे यीस्ट. पिंपरीत आम्ही असा गाळ सेंट्रिफ्यूजला लावून वेगळा काढायचो.

रंग पिकलेल्या जर्दाळूचा आणि इतका दाट की ग्लासामागची खिडकी दिसेना. आत बारीक कण तरंगत होते. नाक जवळ नेलं, तर केळं. उगाच लिहायचं म्हणून लिहिलेलं केळं नव्हे. दोन दिवस फळीवर ठेवून सालीवर ठिपके आलेलं, कोणीतरी 'आता शिकरण करून टाका' म्हणावं असं केळं. घोट घेतला तेव्हा आधी फेस लागला, मऊ आणि जाड. मग ताज्या पावाची चव, जराशी आंबट कड, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला लवंग. कडूपणा नावालाच. माझ्या ओळखीची बिअर कडवट घोटानं सुरू होते आणि पाण्यावर संपते. इथे गिळल्यानंतरच काहीतरी चाललेलं होतं.

मी शंका काढली. केळं नक्की घालत नाहीत ना?

भाचीला हाच प्रश्न हवा होता. बव्हेरियात बिअरमध्ये केळं घालायला 1516 पासून बंदी आहे, ती म्हणाली. मग हसून तिनं दुरुस्ती केली. त्या वर्षी इंगोलश्टाटला काढलेल्या फर्मानात केळ्याचा उल्लेख नाही. सातू, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालू नये, एवढंच त्यात आहे. यीस्ट काय असतं हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तेही यादीत नाही.

"पण मग गहू?" मी म्हटलं. "फर्मानात गहूही नाही."

इथे आजोबांनी पेपर खाली ठेवला. आमचं अर्धं बोलणं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये चाललं होतं, तरी त्यांना विषय कळला होता. गहू पावासाठी राखायचा, बिअरवाल्यांनी त्याला हात लावायचा नाही, हा नियम सामान्यांना होता. डेगेनबर्ग नावाच्या एका सरदार घराण्याला मात्र गव्हाच्या बिअरचा खास हक्क मिळाला. 1602 मध्ये त्या घराण्याचा शेवटचा पुरुष निर्वंश वारला आणि हक्क ड्यूक मॅक्सिमिलियनकडे आला. त्यानं काय करावं? नियम सगळ्यांसाठी सैल करण्याऐवजी स्वतःच ठिकठिकाणी गव्हाच्या बिअरचे कारखाने उघडले. केल्हाइमचा 1607 चा. दुसऱ्या कोणी गव्हाची बिअर करायची नाही आणि खानावळवाल्यांनी ती ड्यूककडूनच घ्यायची. त्यात आणखी एक मेख होती. साधी बिअर थंडीत आंबवायची असल्यानं उन्हाळ्यात ती करायला बंदी होती. गव्हाची बिअर उबेत आंबते, त्यामुळे ड्यूकच्या भट्ट्या बारा महिने चालू. तीस वर्षांच्या युद्धातला त्याचा बराच खर्च या बिअरच्या पैशातून निघाला, असं इतिहासकार सांगतात. शुद्धतेचा कायदा म्हणून ज्याचं जर्मन लोक इतकं कौतुक करतात, त्याला पहिलं भोक पाडलं ते कायदा करणाऱ्या घराण्यानंच. हे आजोबांनी अभिमानानं सांगितलं की तक्रार म्हणून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे या बिअरची फॅशन ओसरली. 1872 मध्ये राजा दुसऱ्या लुडविगच्या काळात गेऑर्ग श्नायडर नावाच्या ब्रुअरनं ती करण्याचा हक्क राजघराण्याकडून विकत घेतला, आणि त्याचे वंशज आज त्याच केल्हाइममध्ये ती करतात. आजोबांच्या लहानपणी गव्हाची बिअर म्हाताऱ्यांची समजली जायची. "आता मीच म्हातारा आहे आणि ती पोरं पितात," ते म्हणाले.

मला मात्र केळ्याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. भाचीनं ते टिश्यू पेपरवर काढून दाखवलं, आणि ते माझ्या भाषेत असल्यामुळे पटकन उमगलं. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा. खऱ्या केळ्यातही मुख्यतः तोच असतो. यीस्ट वाढताना साखरेचं अल्कोहोल करतं, त्याबरोबर हा एस्टरही सोडतं. लवंगेचा वास ज्यातून येतो त्या रेणूचं नाव 4-व्हिनाइल ग्वायाकॉल. गहू आणि सातूच्या दाण्यांत फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं. मोड आणून वाळवलेले दाणे भरडून कोमट पाण्यात भिजवताना तापमान काही वेळ पंचेचाळीस अंशांच्या आसपास थांबवलं, की ते आम्ल सुटं होतं आणि पुढे यीस्ट त्याचं लवंगेत रूपांतर करतं. लवंग जास्त हवी असेल तर इथे जास्त थांबायचं.

"आणि गंमत म्हणजे," ती म्हणाली, "साध्या बिअरमध्ये हा लवंगेचा वास आला तर तो दोष. परीक्षेत आम्हाला तो ओळखायला लावायचे. सापडला की ती बिअर नापास."

हे ऐकून मी ग्लास खाली ठेवला. दोष कोणत्या वस्तूत मोजायचा हे अगोदर ठरवावं लागतं, हे मला नोकरीत कळलं होतं. पण तोच रेणू एका बाटलीत बॅच फेकायला लावतो आणि दुसऱ्या बाटलीत तिची किंमत ठरवतो, असं उदाहरण आमच्याकडे नव्हतं. या यीस्टमध्ये तो रेणू तयार करणारा गुण शाबूत आहे. बाकीच्या बहुतेक बिअरच्या यीस्टमधून माणसानं शतकानुशतकं निवड करत तो घालवला. बव्हेरियातल्या लोकांनी तेवढा घालवायचा राहू दिला.

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी आधी खरी मानायला तयार नव्हतो. गव्हाच्या बिअरच्या जुन्या पद्धतीत आंबवण्याच्या टाक्यांना झाकण नसतं.

"उघड्या?"

"उघड्या. केल्हाइमला श्नायडरकडे मी स्वतः बघितल्यात. वर यीस्टचा जाड थर येतो, तो वरूनच काढून घेतात आणि पुढच्या बॅचला वापरतात. उथळ उघड्या टाकीत यीस्टवर दाब कमी, म्हणून केळ्याचा वास जास्त."

पिंपरीच्या फर्मेंटरवर हात ठेवून ज्यानं आयुष्य काढलं त्याला उघड्या टाकीची कल्पनाच सोसत नाही. खोली अर्थात स्वच्छ ठेवतात, हवा गाळून घेतात, आणि फेसाचा थर स्वतःच झाकणाचं काम करतो. हॉप्स आणि अल्कोहोलही बरेच जंतू अडवतात. समजलं सगळं, तरी पोटात थोडं ढवळलं. आणखी एक घोट घेतल्यावर ते थांबलं.

या वासाबद्दल एक भलतीच माहितीही मला त्या दिवशी मिळाली. मधमाशी डंख मारते तेव्हा बाकीच्या माश्यांना धोक्याची सूचना देणारा जो वास सोडते, त्यातही हाच केळ्याचा एस्टर असतो. मधमाश्या पाळणाऱ्यांनी पेट्यांजवळ केळं खाऊ नये असं म्हणतात ते त्यामुळेच. गव्हाची बिअर पिऊन जावं की नाही, हे आजोबांना विचारलं. त्यांच्या शेजाऱ्याकडे पेट्या आहेत. ते विचारात पडले.

मी कुठला, असं त्यांनी विचारलं. पुणे म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. पुण्यातल्या जर्मन कंपन्यांपैकी एखादीचं नाव येणार असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "पूना! भगवान!" त्यांच्या तरुणपणी गावातली दोन मुलं केशरी कपडे घालून पुण्याला आश्रमात गेली होती. एक परत आला, छपराची कौलं बसवायचं काम करू लागला. दुसऱ्याचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. आश्रमाच्या परिसरात, कोरेगाव पार्कमध्ये, आता काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरंच काही आहे, आणि शहरात तुमची ही बिअरही मिळते.

ते खरं आहे. पुण्यातल्या मायक्रोब्रुअऱ्यांमध्ये गव्हाची बिअर यादीत असतेच, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तीच सुचवतात, कारण ती कडू नाही. मी तिथे प्यायलोही आहे. वाईट नसते. पण इतकी गार देतात की वास उठतच नाही, आणि फेस जास्त आला तर गिऱ्हाईक मापात मारलं म्हणून भांडतं, त्यामुळे काठोकाठ बिनफेसाची भरून देतात. जिचा अर्धा जीव फेसात आहे तिचा फेस आपण हिशेबापायी काढून टाकतो. वर लिंबाची चकती. लिंबातलं तेल फेस मोडतं. बव्हेरियातही एके काळी लिंबाची फॅशन होती असं भाची म्हणाली. आता तिथे लिंबू मागितलं तर बघत राहतात.

माझा पहिला ग्लास हळूहळू संपत आला. बिअर कोमट होत गेली तसं केळं मागे पडलं आणि लवंग पुढे आली. तळाशी पोचेपर्यंत तर ती जवळजवळ दुसरीच बिअर झाली होती, जाड आणि पावासारखी. गार असताना लवकर संपवायची ही परमिट रूमची शिकवण इथे उलटी लागू पडत होती. भाचीनं गडद प्रकार मागवला, तो आम्ही दोघांत घेतला. बव्हेरियातल्या गप्पांमध्ये वोल्पर्टिंगर नावाचा एक प्राणी असतो. ससा, पण डोक्यावर शिंगं, अंगाला पंख. पाहुण्यांना फसवायला त्याचे पेंढा भरलेले नमुने खानावळीत टांगतात. कार्गच्या या काळ्या बिअरला त्याचंच नाव दिलंय. तिच्यात भाजलेल्या पावाचा, किंचित जळक्या साखरेचा स्वाद होता आणि लवंग जवळजवळ नाहीच. मला पहिलीच आवडली. भाची म्हणाली, सगळे नवखे पहिलीच निवडतात. मी वाद घातला नाही. अर्धा लिटर बिअरमध्ये वीस ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं, आणि दीड ग्लासानंतर वाद जिंकल्याची खात्री वाटायला लागते.

निघताना "प्रोस्ट" करायला आजोबांनी ग्लासचं जाड बूड पुढे केलं. या ग्लासचा वरचा काठ पातळ असतो, म्हणून ते बुडाला बूड लावतात. बोलता बोलता ते म्हणाले की त्यांच्या ओळखीच्या कितीतरी खानावळी बंद झाल्या. 1970 च्या दशकात जर्मनीत माणशी वर्षाला दीडशे लिटरच्या आसपास बिअर खपायची. आज तो आकडा नव्वदच्या खाली आलाय. तरुण पोरं कमी पितात, किंवा बिनअल्कोहोलची पितात. गव्हाची बिनअल्कोहोलची बिअर तर व्यायाम करणारे मुद्दाम घेतात. डॉक्टरांना ही बातमी चांगली वाटेल, मलाही वाटते. आजोबांना वाटत नव्हती, आणि त्यांच्या टेबलाशी बसून मला ते म्हणवलं नाही.

दोन वाजता म्युंटरच्या घरी पोचलो. जिन्याच्या कठड्यावर कांडिन्स्कीनं रंगवलेली फुलं आणि घोडेस्वार आहेत. नाझींच्या काळात याच घराच्या तळघरात म्युंटरनं त्याची आणि इतरांची चित्रं लपवून ठेवली, आणि 1957 मध्ये ती म्युनिकच्या संग्रहालयाला देऊन टाकली. मी ते सगळं नीट बघितलं, तरी त्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. जिन्याजवळ उभा असताना तोंडात अजून लवंग होती, एवढंच सांगतो.

येताना भाचीनं चार बाटल्या घेतल्या. गाडीत त्या उभ्याच ठेवायच्या, आडव्या नाही, अशी तिची ताकीद होती. पुण्याला एखादी नेऊ का विचारलं, तर नको म्हणाली. ताजेपणीच पिण्याची बिअर ही, काही महिन्यांत केळं निघून जातं. दुसऱ्या संध्याकाळी तिच्या गच्चीत दोन उघडल्या. ओतायचं काम माझ्याकडे होतं. फेस ग्लासबाहेर आला.

एका बाटलीचा गाळ तिनं मुद्दाम फेकला नाही. साखर-पाण्यात जागा करून त्यावर पाव करायचा प्रयोग तिला करायचा होता. तिनं बजावलं होतं की बाटलीतलं यीस्ट आंबवणीचंच असेल असं नाही, काही ब्रुअऱ्या बाटलीत भरताना वेगळं यीस्ट घालतात. हे कुठलं, ते पावावरून कळणार नव्हतं, तरी करून बघू म्हणाली. पीठ फुगायला रात्र लागली. पाव छान झाला, वरून खरपूस, आत जाळीदार. केळ्याचा मागमूस नव्हता. लवंग आहे असं भाचजावई म्हणाले, पण ते सासूच्या भावासमोर चांगलं बोलणारे आहेत. मी नेलेल्या लसणाच्या चटणीबरोबर तो नाश्त्याला संपला.